सूज सकाळी +१, दुपारी +३: नक्की तपासायचं कसं?

रात्रपाळी: मेडिसिन वॉर्ड, हार्ट फेल्युअरचे पेशंट जास्त. ओव्हर (पाळी बदलताना पेशंटचा ताबा) घेताना एकाच पेशंटच्या नोंदी जुळत नाहीत. सकाळी 'इडिमा (सूज) +१, चेस्ट क्लिअर', दुपारी '+३, बेसल क्रेप्ट्स' (फुप्फुसाच्या तळाला करकर). राउंडला डॉक्टर विचारतात, वाढलं का? नोंदी बघून सांगताच येत नाही. एका पेशंटला फार तर पाच मिनिटं मिळतात. आणि सावळ्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा कुठे बघायचा? पुस्तकातले फोटो सगळे गोऱ्या माणसांचे.

जुनी_सिस्टर: +१, +३ यावर वाद होणारच. कुठे खड्ड्याच्या खोलीवरून ग्रेड देतात (२ मिमीला +१, ८ ला +४), कुठे तो किती वेळ टिकला त्यावरून. त्यापेक्षा जागा आणि खोली लिहा. घोट्याच्या वर चार बोटं, नडगीच्या हाडावर अंगठ्यानं ५ सेकंद दाबायचं, सोडायचं आणि त्यावरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसलेला खड्डा बोटाला लागतो. नोंद अशी: 'दोन्ही पाय, अर्ध्या नडगीपर्यंत, ४ मिमी, २० सेकंद टिकला, पेशंट बसलेला'.

शेवटचे दोन शब्द गाळू नका. सकाळभर पाय लोंबते सोडून बसलेल्याची सूज दुपारी जास्त दिसणारच. उलट, दोन दिवस आडवा असलेल्याचे पाय सडपातळ होतात आणि पाणी माकडहाडाच्या वर साठतं. कुशीवर वळवून तिथे दाबल्याशिवाय 'इडिमा नाही' लिहायचं नाही.

वाढलं का, हे काटा सांगतो. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तोच काटा, तेवढेच कपडे. एका दिवसात १ किलो वाढलं तर साधारण १ लिटर पाणी अडलं असं धरा.

छाती: समोरून दोन-चार ठिकाणी स्टेथो टेकवला की 'क्लिअर' लिहून मोकळे. फेल्युअरचे क्रेप्ट्स आधी पाठीमागे, तळाला येतात. बसवा, हात छातीशी कवटाळायला सांगा म्हणजे खांद्याची पाती बाजूला सरकतात. श्वास तोंडानं, प्रत्येक जागी एक पूर्ण श्वास, डावी-उजवी एकाच पातळीवर. अशक्त पेशंटचं तळापासून सुरू करा. वरून खाली येईपर्यंत तो दमतो आणि नेमका तळ राहून जातो. क्रेप्ट्स आले तर खोकायला लावून पुन्हा ऐका. गेले तर बहुधा कफ, किंवा पडून राहून मिटलेला भाग उघडला. राहिले, आणि श्वास आत घेण्याच्या शेवटी कानाजवळ केस चोळल्यासारखे बारीक असले, तर फुप्फुसात पाण्याचा संशय घ्या. छातीवर कोरडे केस असतील तर ते स्टेथोच्या पडद्याखाली हुबेहूब तसेच वाजतात, ओल्या फडक्यानं चापून घ्या. गाऊनवरून ऐकणं बंद.

आयसीयू_ब्रदर: निळेपणासाठी जीभ आणि ओठाची आतली बाजू बघा, बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात. नुसती नखं निळसर आणि जीभ गुलाबी असेल तर बहुतेक थंडी किंवा हातापायांचं रक्ताभिसरण मंदावलेलं. जीभच निळी असेल तर तिथेच थांबा, डॉक्टरांना बोलवा.

पण निळं पडायची वाट बघू नका. त्यासाठी डेसिलिटरला साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिनच ६, ती निळी न दिसताच गंभीर होईल. अ‍ॅनिमियाच्या पेशंटमध्ये श्वासाची गती जास्त खरी बोलते. ती मनगट धरून, नाडी मोजतोय असं भासवत पूर्ण मिनिट मोजायची. (सगळ्या वॉर्डाचा श्वास २० कसा, हे कोडं आजवर सुटलेलं नाही.)

ऑक्सिमीटर: नेलपॉलिश काढा. लाल मेंदीनं सहसा फरक पडत नाही, काळीनं आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडं वाढवून दाखवू शकतं, त्यामुळे ९३ दिसतंय पण धाप आहे, तर धाप खरी. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असताना बेशुद्ध पडलेल्याचा ९९ आकडा तर मुळीच मानू नका, कार्बन मोनॉक्साइडला यंत्र ऑक्सिजनच समजतं.

कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ) घेताना बोट हृदयाच्या पातळीला, दाब ५ सेकंद, रंग २ सेकंदांत परत. एसीत गारठलेला हात आधी ऊबेत ठेवा.

पाठीचंही तेच. सावळ्या त्वचेवर बेडसोरची सुरुवात लाल नाही, जांभळट किंवा चकचकीत दिसते. हाताची पालथी बाजू लावून शेजारच्या त्वचेशी ताडून बघा: ऊन, गार, कडक की लिबलिबीत. तिथे चोळायचं नाही, आतल्या बारीक वाहिन्या फाटतात.

रात्रपाळी: धन्यवाद. नाडी अनियमित असेल तर ऑक्सिमीटरवरचा पल्स लिहिला तर चालेल? आणि सूज एकाच पायाला असेल तर?

जुनी_सिस्टर: नाही चालणार. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तो आजार) काही ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत. गळ्याखालच्या खळग्यातून छातीच्या मधल्या हाडावर बोट खाली सरकवा, साधारण ५ सेंटिमीटरवर उंचवटा लागतो. त्याला जोडलेली ती दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत डावीकडे पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्याच्या रेषेत स्टेथो ठेवा, पूर्ण ६० सेकंद. त्याच मिनिटाला दुसऱ्या सिस्टरनं मनगट मोजायचं, घड्याळ एकच. ११० आणि ८६ आले तर डेफिसिट (दोन्हींतला फरक) २४, तिन्ही आकडे लिहा. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) द्यायच्या आधी हाच एपेक्सचा, म्हणजे छातीवर ऐकून मोजलेला आकडा. ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं.

आयसीयू_ब्रदर: एकाच पायाला सूज म्हणजे डीव्हीटी (पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी) नाही हे ठरेपर्यंत डीव्हीटी. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांना टेप लावा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लगेच कळवा. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, या जुन्या परीक्षेवर विसंबू नका. आणि नातेवाइकांच्या हातातली तेलाची वाटी आधी बाजूला ठेवा. मालिशनं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. विदर्भात हत्तीरोगही डोक्यात असू द्या, पण जुन्या हत्तीरोगात त्वचा जाड होते आणि दाबून खड्डा नीट पडत नाही.

वॉर्ड_नऊ: पायाच्या नाडीबद्दल एक राहिलं. पाऊलभर शोधून ठोका लागला की तो स्वतःच्याच बोटाचा नाही ना, हे दुसऱ्या हातानं पेशंटचं मनगट धरून ताडा. सापडली की पेननं फुली मारा, म्हणजे पुढच्या पाळीचं बोट त्याच जागी पडेल. पावलाच्या वरच्या बाजूची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, मग आतल्या घोट्यामागे बघा. दोन्हीकडे नाही आणि पाऊल गार, पांढरं असेल तर नोंद नंतर, फोन आधी.