मदत हवी आहे: अंगावर कॅमेरा बांधून नाचतो, व्हिडिओ बघवत नाही

मेहरूणची_पोर
नमस्कार. आम्ही पाच जण उत्स्फूर्त नाच करतो, म्हणजे आधीपासून बसवलेलं काहीच नसतं. सध्या अंगावर कॅमेरे बांधून नाचतोय. पण व्हिडिओ लावला की दोन मिनिटांत मळमळायला लागतं, वर काळे पट्टे पळतात. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करणारी सेटिंग, चालू आहे. यूट्यूब पालथं घालून झालं. शनिवारी कार्यक्रम आहे, प्लीज लवकर सांगा.

लग्नशूट_चाळीसगाव
कोणता कॅमेरा? कुठे बांधला? किती एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं? हॉल की मोकळं मैदान? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार, ताई.

मेहरूणची_पोर
अ‍ॅक्शन कॅमेरा. हॉल. अंगावर म्हटलं ना वर.

केळीवाला_रावेर
कॅमेऱ्यात पैसे कशाला घालायचे? मी बागेत ट्रॅक्टरवर बसून मोबाइलवर व्हिडिओ काढतो. सायकलच्या जुन्या ट्यूबने छातीला आवळून बांधायचा. तसूभर हलत नाही.

लग्नशूट_चाळीसगाव
ट्रॅक्टरवर बसणं आणि फरशीवर लोळणं यात फरक आहे भाऊ. पहिल्याच गिरकीत मोबाइल भिंतीवर.

केळीवाला_रावेर
आमच्या बांधावरून एकदा ट्रॅक्टर चालवून बघा, मग फरक सांगा.

रील्स_भुसावळ
गाणं कोणतं घेतलंय? आधी कॉपीराइट बघून घ्या. माझ्या तीन व्हिडिओंचा आवाज उडवला.

मेहरूणची_पोर
गाणं नाहीच. ढोल आहे, तोही समोर बसून वाजवतात. बरं, सगळं सांगते. दोघांच्या छातीवर, दोघांच्या मनगटावर, एकीच्या डोक्यावर. शाळेचा हॉल, पत्र्याचं छत, ट्यूबलाइट. ३० एफपीएस, चित्राचा दर्जा फोरके. छातीवाल्यात नुसती हनुवटी आणि फरशी दिसते. मनगटवाल्यात काय दिसतं ते देवालाच ठाऊक. आणि वीसेक मिनिटांनी एक कॅमेरा आपोआप बंद पडतो.

लग्नशूट_चाळीसगाव
हे आधी सांगायचं ना! पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सेटिंगमध्ये ५० हर्ट्‌झ म्हणजे पाल करा, २५ किंवा ५० एफपीएस ठेवा, शटर, म्हणजे एकेक चित्र किती वेळ टिपायचं ते, हाताने १/१०० सेकंदावर लावा. शटर ऑटोवर सोडलंत तर पट्टे परत येतील.
बंद पडतो तो गरम होऊन. पत्र्याखाली, अंगाला चिकटलेला, वर फोरके आणि स्टॅबिलायझेशन. फोरकेवरून खाली, १०८० वर आणा. मांडवातल्या हॅलोजनखाली माझाही असाच बंद पडला होता, नेमका मंगलाष्टकांना. नवरीचे वडील अजून बोलत नाहीत.
आणि मनगटावरून काढून टाका. हात सगळ्यात जास्त फिरतो, कुठलंही स्टॅबिलायझेशन तिथे हात टेकतं.

धुळेकर_सध्या_पुण्यात
मनगटावरून मुळीच काढू नका! छातीचा कॅमेरा फक्त माणूस कुठे वळला ते दाखवतो. मनगटाचा कॅमेरा जमीन, छत, दुसऱ्याची पाठ, असं माणसाला स्वतःला कधी न दिसणारं दाखवतो. १९७२ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन हा नाचाचा प्रकार सुरू केला. त्यात वजन एकमेकांवर टाकायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. तिथे चित्र हलणारच. मळमळतं तर मळमळू दे.

लग्नशूट_चाळीसगाव
मळमळू दे म्हणे. पहिल्या रांगेत शाळेचे अध्यक्ष बसणार आहेत.

आजीबाई_अमळनेर
माय वं, नाच सोडीसन कॅमेराना मागे कसाले लागनात? आखाजीले पोरी झोक्यावर गाणा म्हनतस, त्यासले कोन कॅमेरा बांधस?

सातपुड्याचा_मास्तर
मी धडगावकडे शिक्षक आहे. आमच्याकडे होळीत बुध्या, म्हणजे सोंग घेतलेले नाचणारे, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. एकदा एका पोराचं बांधणं मी जवळून पाहिलं. पोट आत ओढायला लावलं, श्वास सोडायला लावला आणि मग गाठ मारली. तुमच्या छातीच्या पट्ट्याचं इलॅस्टिक बहुतेक सैल असणार. श्वास सोडल्यावर आवळा, मागे दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे शिंप्याकडून टाके घालून घ्या. हनुवटी दिसते म्हणजे कॅमेरा फार वर आहे. चार बोटं खाली घ्या.

मेहरूणची_पोर
मास्तर, आभार. टाके घातले, कॅमेरा खाली घेतला, पाल केलं. पट्टे गेले!! छातीचं चित्र आता बघण्यासारखं आहे.
पण पडद्यावर अजून उशिरा येतं.

लग्नशूट_चाळीसगाव
कुठला पडदा??

मेहरूणची_पोर
मागे प्रोजेक्टर आहे ना. कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र मोबाइलच्या अ‍ॅपवर घेऊन तिथून लावतो.

लग्नशूट_चाळीसगाव
ताई, पाच दिवस आम्ही इथे रेकॉर्डिंगवर डोकं फोडतोय. वायफायने अ‍ॅपवर येणारं चित्र मागे पडतंच. टाळी वाजवा आणि पडद्यावरची टाळी किती वेळाने दिसते ते मोजा. हे हटवायचं तर कॅमेऱ्यातून थेट प्रोजेक्टरला एचडीएमआयची वायर लागेल, आणि वायर बांधून लोळाल तर फास बसेल.

मेहरूणची_पोर
मोजलं. दीड सेकंद.

धुळेकर_सध्या_पुण्यात
दीड सेकंद ठेवा, हेच तर हवंय! १९६६ मध्ये अमेरिकन नर्तकी ट्रिशा ब्राउन पाठीवर चक्क प्रोजेक्टर बांधून नाचली होती. त्यात तिच्याच त्याच नाचाची फिल्म. ती वळली की चित्र भिंतीवर, छतावर, प्रेक्षकांच्या अंगावर. नाच आणि चित्र वेगवेगळे चालले होते, मजा त्यातच.

लग्नशूट_चाळीसगाव
तुम्ही शनिवारी पुण्यातच राहा.

मेहरूणची_पोर
भांडू नका. काल एक गंमत झाली. आमच्यातली एक हात वर करून थांबली, आणि दीड सेकंदाने पडद्यावर तिचाच हात आला तेव्हा त्याला उत्तर दिल्यासारखी खाली बसली. ढोलवाल्या काकांनी ते पाहून थाप रोखून धरली, हात पडद्यावर आला की मारायची. कुणी ठरवलं नव्हतं. त्यामुळे उशीर राहू देतोय. मात्र शनिवारी दोनच कॅमेरे, एक छातीवर, एक मनगटावर. सगळ्यांनी बांधले की जो तो पडद्याकडेच मान वळवून नाचतो, एकमेकांवर आदळतो. परवा माझं कोपर एकीच्या नाकावर लागलं.

केळीवाला_रावेर
नाकाला हळद लावा. आणि ट्यूब?

मेहरूणची_पोर
ट्यूब नको, काका. पण दुसरी मदत हवी आहे. जळगावात कुणाकडे एका दिवसासाठी जादा बॅटरी मिळेल का? आमच्या दोनही अर्ध्या तासात संपतात.

लग्नशूट_चाळीसगाव
माझ्याकडे तीन पडून आहेत, शुक्रवारी जळगावलाच येतोय. कॅमेऱ्याचं मॉडेल तेवढं आता तरी सांगा.