हीटरच्या होजना बूच मारणाऱ्यांनो, जरा थांबा

खडूस पाना: काल इथे एकानं सल्ला दिला, ‘मारुती ८०० चा हीटर गळतोय? दोन्ही होजना, म्हणजे गरम पाण्याच्या रबरी नळ्यांना, बूच मारा, विषय संपला. आपल्याकडे हीटर लागतो कुणाला?’ वर लोकांच्या टाळ्या! अहो, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह, उघडेपर्यंत गरम पाणी फिरायला ती हीटरची वाट उपयोगी पडते. बुजवलीत की तिथं पाणी तुंबतं, हवा अडकते. त्यात रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ किलोचा दाब धरून बसलेलं. माझं बूच २००९ साली कराडच्या अलीकडे क्लिपेसकट उडालं. बोनेटभर वाफ, मागे पोरं रडतायत. फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, दोन्ही होज पितळी नळीनं एकमेकांना जोडा. वळण मोठं ठेवा, होज मुडपला तर काय उपयोग? आणि एक्झॉस्टपासून चार बोटं लांब.

घाटावरचा भाऊ: मग हीटरचा कॉक बंद केला की काय होतं? माझ्या १९९८ च्या गाडीचा कॉक गंजून बारा वर्षं बंदच आहे. इंजिनचं हेड शाबूत. बूच आणि बंद कॉक यांत फरक काय, तेवढं समजावा.

वऱ्हाडी ८००: कशाले भांडता? थर्मोस्टॅटच काढून फेका. आमच्या फिटरनं पहिल्याच दिवशी काढला. ४५ अंशांतही काटा अर्ध्यावर जात नाही.

खडूस पाना: झालं! ही काय फुशारकी? इंजिन थंड राहिलं तर कार्बोरेटरच्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तर इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे पेट्रोल-हवा इंजिनात नेणाऱ्या भागातून, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फिरवलंय. वॉल्व्ह तापला की उघडतोच. गाडी तापवतो तुमचा चोंदलेला रेडिएटर. अॅव्हरेज किती देते, ते सांगा.

वऱ्हाडी ८००: १३. हसू नका. वॉल्व्ह बंदच अडकला तर? सासऱ्यांचा अडकला होता. हेड गॅस्केट गेलं, वर्ध्याहून टोचन करून आणली. मीच म्हटलं होतं ना ‘गाडी मस्त आहे, न्या’, ते अजून ऐकवतात. तुमचं मॅनिफोल्ड तिथं कामाला आलं नाही.

माई ड्रायव्हर: बोअरचं पाणी ओतत असतील. आमच्या रेडिएटरमधून खडूसारखे पांढरे पापुद्रे निघाले होते. तेव्हापासून कूलंटच. वॉल्व्ह मी दोऱ्यानं पातेल्यात टांगते आणि पाणी उकळते. उघडला तर ठीक, नाही तर नवा. बसवताना तो बारका हवेचा पिन वरच्या बाजूला. पातेलं चहाचं नको, एवढंच.

वऱ्हाडी ८००: करून बघतो माई. आधी वॉल्व्ह विकत आणावा लागेल.

खडूस पाना: भाऊ, कॉकचा मुद्दा बरोबर आहे, खूश? पण कॉक उडून पडत नाही, बूच उडतं.

घाटावरचा भाऊ: म्हणजे तक्रार क्लिपेची होती. मग ‘क्लिप नीट आवळा’ एवढंच लिहायचं की!