उचललेल्या पिकअपचा फोकस: स्क्रू फिरवून भागतं का?

चिखलस्वार

पिकअपला लिफ्ट किट बसवून तीन आठवडे झाले. मागून १२ सेंटीमीटर उचलली, पुढून १७. गाडीचं नाक खाली झुकलेलं दिसायचं, ते मला पहिल्या दिवसापासून खटकायचं, म्हणून पुढून जरा जास्त. दिसते झकास. पण तेव्हापासून रात्री समोरून येणारा प्रत्येक दुसरा माणूस मला अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारतो. मी डिपरवर, खालच्या झोतावर, असतो हो! परवा एकाने तर काच खाली करून जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मित्र म्हणतो, दिव्यांचा फोकस खाली घे, अर्ध्या तासाचं काम आहे. मला ते पटत नाही. रस्ता लांबवर दिसावा हा गाडी उचलण्यातला अर्धा हेतू होता. आता उजेड पुन्हा पायाशी आणून ठेवू? शिवाय गाडी उचलली म्हणजे सगळंच वर गेलं, दिव्याचा कोन काही कोणी बदलला नाही. दिवे कंपनीचे, बल्ब कंपनीचे. मग चूक माझी कशी? मतं सांगा.

छोटी_गाडी

चूक कोणाची ते सांगतो. रोज रात्री घरी जाताना माझ्या मागे तुमच्यासारखी एक गाडी लागते. तिन्ही आरशांत सूर्य उगवतो. मधला आरसा मी पाडून ठेवतो, बाजूचे दोन मात्र पाडता येत नाहीत, मग मान तिरकी करून चालवायची. तुम्हाला लांबवर दिसावं म्हणून मी आंधळं व्हायचं, हा कुठला न्याय?

ओळंबा

चिखलस्वार, "कोन बदलला नाही" हे तुमच्याच आकड्यांत बसत नाही. चारही चाकांवर गाडी सारखी उचलली असती तर कोन खरंच तोच राहिला असता, झोत फक्त तेवढा वर सरकला असता. तुम्ही पुढून ५ सेंटीमीटर जास्त उचललीत. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३२० सेंटीमीटरच्या आसपास धरतो. पाच भागिले तीनशेवीस, म्हणजे दीड टक्क्याहून थोडा जास्त चढ. गाडीचं नाक तेवढं आभाळाकडे गेलं, आणि दिवे नाकाला चिकटलेले आहेत.

कारखान्यातून डिपरचा झोत साधारण एक-सव्वा टक्का खाली झुकवून देतात. एक टक्का म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर उतार. तुमचा १.२ टक्के उतार धरला तर त्यातून १.५६ गेले. उरलं काय? उतार संपून वर ०.३६ टक्के चढ. तुमचा डिपर जमिनीला टेकतच नाही. समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही कायम अप्परवर आहात, म्हणून तो तुम्हाला अप्पर मारतो. त्याचं बरोबर आहे.

गंमत अशी की नुसतं नाक वर करणारं दोन इंचाचं किट लोकांना किरकोळ वाटतं आणि सहा इंचाची लिफ्ट भयंकर. डोळ्यांवर येण्याच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं असतं. सहा इंच सगळीकडून सारखं उचललं तर झोत सगळीकडे सहा इंचच वर जातो. दोन इंच नुसतं नाक उचललं तर पन्नास मीटरवर तो पाऊण मीटरहून जास्त वर गेलेला असतो.

चिखलस्वार

हे मान्य. नाकाचा हिशेब मी केलाच नव्हता. पण मग झोत मूळ १.२ टक्क्यांवर आणला की संपलं ना? उंचीचा फायदा तरी राहील.

ओळंबा

नाही, तिथेच सगळे फसतात. तुमचा दिवा आता जमिनीपासून किती उंच आहे?

चिखलस्वार

आत्ताच मोजला. काचेवर मध्यभागी बारीक ठिपका आहे, तिथपर्यंत ११०. आधी ९२ होता.

ओळंबा

मग हे पाहा. ९२ सेंटीमीटरवरून १.२ टक्के उतार म्हणजे झोत ७७ मीटरवर जमिनीला टेकायचा. ११० वरून तोच उतार ठेवला तर ९२ मीटरवर टेकेल. पंधरा मीटर जास्त, तेही दुसऱ्याच्या डोळ्यांच्या जिवावर. ११० वरून दीड टक्का ठेवा, ७३ मीटरवर टेकतो. जुन्या अंतराच्या जवळपास तेवढंच. युरोपातल्या नियमांतही दिवा एक मीटरपेक्षा उंच असेल तर सुरुवातीचा उतार दीड ते दोन टक्के मागतात, खालच्या दिव्यांना एक ते दीड. उंची वाढली की मान जास्त झुकवायची, इतकं साधं आहे.

"उजेड पायाशी" ही भीती काढून टाका. चार मीटर जातात, बस.

रात्रपाळी

ओळंबासाहेबांनी दीड सांगितलं आणि हळूच "दीड ते दोन" म्हणून गेले. दोनवर जाऊ नका. मी रात्रीच गाडी चालवतो, पोटापाण्यासाठी. ११० वरून दोन टक्के म्हणजे ५५ मीटर. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर खाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेहतीस मीटर गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीस तरी. झाले अडुसष्ट. ५५ मीटरवर जे दिसेल ते तुम्ही उडवणार.

आणि छोट्या गाडीवाल्यांनाही एक सांगतो, राग मानू नका. समोरून आलं की दिव्याकडेच टक लावून बघायचं आणि मग दिसत नाही म्हणून ओरडायचं, ही सवय सोडा. आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीवर नजर ठेवा. मी पंधरा वर्षं तेच करतोय.

छोटी_गाडी

म्हणजे दिवा तुमचा आणि नजर मी वळवायची. वा!

आणि तुमच्याच हिशेबाने ८० ला दिसत नसेल तर ६० ने चालवा की. उतार कमी ठेवायचा आणि वेग मात्र तोच, हे गणित मला जमत नाही.

माझा खरा मुद्दा मात्र दुसरा आहे, त्याला कोणी हात लावत नाही. समोरून येणाऱ्याचं स्क्रूने भागेल. पुढे चालणाऱ्याचं काय? झोताची वरची रेघ दिव्यापाशी दिव्याच्याच उंचीवर असते. ती ११० पासून सुरू होते आणि हळूहळू उतरते. माझ्या बाजूच्या आरशाचा मध्य मी मोजलाय, ९७. कितीही स्क्रू फिरवा, मागे येऊन उभे राहिलात की तो उजेड माझ्या आरशात पडणारच. तेव्हा स्क्रू हा उपाय नाही, उंचीच मुळात चूक आहे. दिवे खाली बसवा, नाहीतर गाडी खाली आणा.

ओळंबा

तुमचं निम्मं खरं आहे. निम्मं अंतरावर अवलंबून आहे.

११० वरून दीड टक्का उतरत ९७ वर यायला झोताला साडेआठ-पावणेनऊ मीटर लागतात. तुमचा आरसा तुमच्या मागच्या बंपरपासून तीनेक मीटर पुढे असतो. म्हणजे दोन गाड्यांत सहा मीटर जागा असेल तर रेघ आरशाच्या खाली गेली. चालत्या रस्त्यावर सहा मीटरवर मागे असलेला माणूस फोकसमुळे नाही, अकलेमुळे धोकादायक आहे. ताशी ६० ला दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर तेहतीस मीटर होतात, तिथे रेघ ६० सेंटीमीटरवर असते. तुमच्या डिकीच्या झाकणापेक्षाही खाली.

सिग्नलला, गर्दीत, उतारावर रांगेत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे स्क्रू हरतो. उंचीला मर्यादा आहे ती उगाच नाही: युरोपीय नियमात डिपरसाठी १२० सेंटीमीटर, अमेरिकेत ५४ इंच, म्हणजे १३७. अमेरिकेतली मर्यादा मला व्यक्तिशः फार सैल वाटते. १३७ वरचा दिवा छोट्या गाडीच्या छतापासून वीतभरच खाली असतो.

रात्रपाळी

उंची चूक म्हणाल तर मग डोंगरात, चिखलात, ओढ्यातून गाडी न्यायची असणाऱ्यांनी काय करायचं? सगळेच काही हौसेसाठी उचलत नाहीत.

छोटी_गाडी

चिखलस्वारांनी "नाक झुकलेलं खटकायचं" म्हणून उचलली आहे. वर लिहिलंय त्यांनीच.

चिखलस्वार

सापडलो 😄

नवा_उजेड

एवढं गणित कशाला? एलईडी बल्ब टाका, हॅलोजनच्या जागी सरळ बसतात. पांढरा लख्ख उजेड, मग फोकस थोडा खाली असला तरी चालतो.

ओळंबा

कृपा करून नको. हॅलोजन दिव्याच्या आतला आरसा बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे दाणे त्या जागी, त्या आकारात बसत नाहीत. भिंतीवर रेघच धड उमटत नाही, नुसता भुरभुरीत ढग. ज्याला रेघ नाही त्याचा फोकस कसला लावणार? शिवाय गाडीजवळची जमीन लख्ख झाली की डोळा तिला सरावतो आणि लांबचं उलट कमी दिसतं. "खूप उजेड आहे" असं वाटतं ते बहुतेक तेवढंच असतं.

चिखलस्वार, करणार असाल तर नीट करा. सपाट जमीन, समोर भिंत, दिव्यापासून भिंत बरोबर १० मीटर. जमीन खरंच सपाट आहे का ते पाण्याची नळी धरून बघा, डोळ्यावर विश्वास नको. चाकांत हवा बरोबर, टाकी अर्धी, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं. गाडी दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे स्प्रिंगा जागेवर बसतात. भिंतीवर ११० ला टेप, तिच्या खाली ९५ ला दुसरी. रेघ ९५ ला यायला हवी. एक दिवा झाकून एकेक लावा. रेघेचा रस्त्याच्या कडेकडचा भाग वर चढलेला असतो, तो मोजू नका, आडवा भाग मोजा.

आणि तुमच्या गाडीला दिवे आपोआप वर-खाली करणारी यंत्रणा असेल तर आधी तिचा सेन्सर बघा. तो मागच्या चाकाला धरणाऱ्या आर्मला छोट्या दांडीने जोडलेला असतो. लिफ्टनंतर ती दांडी ताणून एका टोकाला गेलेली असते, मग स्क्रू कितीही फिरवा, मोटर आपलंच खरं करते.

चिखलस्वार

आपोआपवाली नाही माझ्याकडे. आज रात्री बसतो.

चिखलस्वार

झालं. अर्धा तास नाही, पावणेदोन तास.

बोनेट उघडलं तर दिव्यामागे दोन स्क्रू. मी अर्थातच चुकीचा फिरवला. झोत खाली यायच्या ऐवजी शेजारच्या झाडाकडे निघाला. तो मोजून परत आणला, मग दुसरा धरला. सुरुवातीला भिंतीवर डावी रेघ ११३ ला होती, उजवी ११५ ला. दोन्ही दिव्याच्या वर! ते बघून खरंच लाज वाटली. तीन आठवडे मी लोकांच्या तोंडावर हे मारत फिरत होतो. अर्धा-अर्धा फेरा करत ९५ ला आणलं. उजव्याचा स्क्रू बॅटरीच्या मागे आहे, तिथे हात घालताना बोटं सोलली.

मग भावाला त्याच्या छोट्या गाडीत पुढे बसवलं आणि मी मागे मागे सरकत गेलो. दोन गाड्यांत चार मीटर असताना तो म्हणाला, "डोळे फुटतील, अजून मागे जा." आठ मीटरला म्हणाला, "आता आरशात काही नाही, डिकीवर पडतंय." तेव्हा ओळंबा, तुमचं गणित बरोबर. आणि छोटी_गाडी, चार मीटरचं तुमचंही.

नंतर एक चक्कर मारून आलो. सतरा-अठरा गाड्या समोरून आल्या, कोणीही अप्पर मारला नाही. लांबचं थोडं कमी दिसतंय, खोटं बोलत नाही. पण आधी जे लांबचं दिसत होतं ते बहुतेक झाडांचे शेंडे होते.

छोटी_गाडी

कमी लोक एवढं करतात, म्हणून आभार. मत बदललं नाही. सिग्नलला माझ्या मागे थांबाल तेव्हा जरा जागा सोडून थांबा.

चिखलस्वार

थांबेन. नाक पुन्हा खाली घ्यायचंही डोक्यात आहे, पण किटचे पैसे आठवले की हात थांबतो.

रात्रपाळी

एक विचारायचं राहिलं. भिंतीसमोर गाडी होती तेव्हा हौदा रिकामा होता का?

चिखलस्वार

रिकामाच. का?

रात्रपाळी

आणि रोज काय असतं हौद्यात?

चिखलस्वार

जनरेटर, हत्यारांच्या दोन पेट्या, पाण्याचे कॅन. अडीचशे किलो तरी.

ओळंबा

मागून पाच सेंटीमीटर बसली तरी तोच दीड टक्का. काल जेवढा खाली आणलात त्यातला बहुतेक पुन्हा वर. सामान भरलं की झोत खाली घ्यायचं, शून्य ते तीन आकडे असलेलं छोटं चाक स्टिअरिंगजवळ आहे का बघा.

चिखलस्वार

आहे. शून्यावर आहे. गाडी घेतल्यापासून हात लावलेला नाही, मला ते डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं वाटायचं. उद्या सामान भरून परत भिंतीसमोर.