कारखान्यातून कॅटलॉग चढवायचा तर प्रोटोकॉल कोणता? अ‍ॅटमपब की आपलं साधं जेसन?

अक्कलकोटरोडवाला
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही चादर-टॉवेल कारखानदारांसाठी सामाईक कॅटलॉग करतोय. कारखान्यातला कारकून फोनवरून नव्या जेकार्ड डिझाइनचा फोटो, साइज, वजन, भाव टाकणार. बाहेरगावचे व्यापारी ते आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेणार. अ‍ॅप रेस्टफुल (प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेबपत्ता, साध्या एचटीटीपीवर काम) ठेवायचं नक्की आहे, वाद माल चढवायच्या बाजूचा आहे. टीममधल्या दोघांना स्वतःचे जेसन एंडपॉइंट हवेत, म्हणजे साध्या मजकुरात डेटा घेणारे आपलेच पत्ते. मी म्हणतो अ‍ॅटमपब घ्या, म्हणजे वेबवर एक्सएमएलच्या नोंदी चढवायचा तयार प्रोटोकॉल. २००७ साली आरएफसी ५०२३ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून ते पक्कं झालं, आणि आपण ज्यावर डोकं खाजवतोय त्यातलं बरंचसं तिथं सुटलेलं आहे. कलेक्शनवर (नोंदींच्या यादीच्या पत्त्यावर) पोस्ट करा, म्हणजे नवी नोंद पाठवा; उत्तरात २०१ (‘नोंद तयार झाली’) येतो आणि लोकेशन हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या ओळीत) नव्या नोंदीचा पत्ता. नुसता फोटो पोस्ट केला तरी सर्व्हर दोन गोष्टी करतो: फोटो ठेवतो आणि त्याची माहिती सांगणारी वेगळी नोंद बनवतो. कॅटलॉगला आणखी काय लागतं? विरोध असेल तर कारण लिहा. ‘एक्सएमएल जुनं झालं’ एवढ्यावर भागणार नाही.

जुळे_सोलापूरकर
मालक, घ्या कारण. वर्डप्रेसनं डिसेंबर २०१२ मध्ये, ३.५ आवृत्तीत, अ‍ॅटमपब गाभ्यातून काढून टाकलं. चार वर्षांनी ४.७ मध्ये मजकुरासाठी स्वतःचं जेसन एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरनं बोलायची सोय) गाभ्यात घेतलं. तयार प्रोटोकॉलचा फायदा कधी? समोर तयार क्लायंट, म्हणजे माल पाठवणारं सॉफ्टवेअर, असेल तेव्हा. इथं क्लायंट म्हणजे आपणच लिहिलेलं फोनचं अ‍ॅप. दोन्ही टोकं आपल्या हातात असताना नेमस्पेस (एक्सएमएलमधली नावं वेगळी ठेवायची सोय) आणि सर्व्हिस डॉक्युमेंट (कुठं काय चढवता येतं त्याची यादी) कुणासाठी?
शिवाय अ‍ॅटमच्या (अ‍ॅटमपब वापरतं त्या एक्सएमएल साच्याच्या) सुट्या नोंदीला लेखक सक्तीचा. निळ्या बॉर्डरच्या चादरीचा लेखक कोण लिहू बे, मागवाला?

अक्कलकोटरोडवाला
कारखान्याचं नाव लिहा की. लेखक म्हणजे व्यक्तीच हवी असं अ‍ॅटममध्ये कुठंय, संस्थाही चालते.
आणि बारीकसारीक गोष्टी बघा. पत्ता नावावरून बनावा म्हणून त्यात स्लग हेडर आहे. हेडरमध्ये देवनागरी कसं पाठवायचं तेही लिहून ठेवलंय: यूटीएफ-८ (अक्षरांचे बाइट) करून टक्केवाल्या खुणांत. नुसत्या ‘चादर’ची ३६ चिन्हं होतात, पण दोन्ही टोकांना त्याचा अर्थ एकच लागतो. हे तुमच्या जेसनमध्ये कोण ठरवणार?

जुळे_सोलापूरकर
आम्ही ठरवणार, एका दुपारी. तुम्ही मुद्द्याचं सांगा: भाव, वजन, साइज, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटर वजन) अ‍ॅटममध्ये कुठं बसतात? कुठंच नाही. ते सगळं तुमच्या खाजगी नेमस्पेसमध्ये जाणार. म्हणजे व्यापाऱ्याच्या तयार फीड रीडरला (नव्या नोंदी आपोआप आणून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) शीर्षक आणि फोटो दिसेल, भाव दिसणार नाही. ज्यासाठी तो आला तेच स्टँडर्डच्या बाहेर!

नवीपेठ_नेटवर्क
तुम्ही दोघं डब्याच्या रंगावर भांडताय. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कशी असते माहीत आहे ना? कारकून ‘सेव्ह’ दाबतो, पोस्ट सर्व्हरला पोचते, उत्तर परत येत नाही. तो पुन्हा दाबतो. एकाच चादरीच्या दोन नोंदी. अ‍ॅटमपबमध्येही तेच होणार, कारण नवीन नोंद तिथंही पोस्टनंच.
त्यापेक्षा फोननंच यूयूआयडी (कुठंच पुन्हा न येणारा आयडी) बनवावा आणि त्या पत्त्यावर पुट करावं, म्हणजे नोंद थेट तिथंच ठेवावी, सोबत ‘इफ-नन-मॅच’ हेडरमध्ये तारा (*), म्हणजे ‘तिथं आधी काही नसेल तरच ठेव’. दुसऱ्यांदा गेलं तर ४१२ (‘अट पुरी झाली नाही’) येईल, म्हणजे नोंद आधीच झालीय, गप्प बसायचं.
दुरुस्तीचं तर याहून अवघड. मालकानं घरून भाव ३८० चा ४१० केला. कारकुनाच्या फोनवर सकाळची जुनी प्रत उघडी आहे, त्यानं फक्त फोटो बदलला आणि अख्खी नोंद पुट केली. भाव गुपचूप परत ३८०. व्यापारी त्या भावानं ऑर्डर देऊन मोकळा. ईटॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) आणि ‘इफ-मॅच’ (खूण जुळली तरच बदल) सक्तीचं केलंत तर सर्व्हर ४१२ देऊन थांबवेल. हे आधी करा, मग फॉरमॅट काय घ्यायचा तो घ्या.

अक्कलकोटरोडवाला
ईटॅगची शिफारस ५०२३ मध्येही आहे, पुटनं बदल करताना. दुहेरी नोंदीचं मान्य. पण नोंदीतला आयडी फोननंच बनवून पाठवावा, आपला सर्व्हर तोच आयडी पुन्हा आला तर ओळखेल. सर्व्हरनं क्लायंटचा आयडी पाळायलाच हवा अशी सक्ती नाही, पण मनाईही नाही.

नवीपेठ_नेटवर्क
म्हणजे तुम्हीही स्वतःचा नियम जोडलातच. मग स्टँडर्ड किती उरलं?

गड्ड्यावरचा_पाळणा
वेबडॅव (सर्व्हरवरच्या फाइली थेट हाताळायचा प्रोटोकॉल) का नाही? फोल्डरसारखं उघडायचं, फोटो ओढून टाकायचे. लॉकची (एक जण बदलत असताना बाकीच्यांना अडवायची) सोय पण आहे.

नवीपेठ_नेटवर्क
लॉक घेऊन फोनची बॅटरी संपली की मुदत सरेपर्यंत बाकीचे बसलेत वाट बघत. मालकाला काय सांगणार?

जुळे_सोलापूरकर
माझ्याकडून एवढं: व्यापाऱ्यांना वाचायला अ‍ॅटम फीड देऊ, आरएफसी ४२८७ चं. वाचणाऱ्यांकडं त्याची तयार साधनं आहेत. लिहिण्याची बाजू मात्र जेसन.

अक्कलकोटरोडवाला
आणि एखाद्या मोठ्या कारखान्याला उद्या स्वतःच्या ईआरपीतून (कारखान्याच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरमधून) माल चढवायचा असला तर? त्याच्या हातात काय देणार, तुमची पीडीएफ?

जुळे_सोलापूरकर
हाव, दोन पानांची पीडीएफ आणि चालू उदाहरण. ५०२३ ची पन्नासवर पानं त्यांच्या ईआरपीवाल्याला तुम्ही वाचायला लावा.