मदत हवी आहे: म्हादईच्या वणव्यांतील धुराची उंची उपग्रहावरून कशी काढावी?

मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात लागलेल्या वणव्यांचा धूर किती उंच चढला, हे विनामूल्य उपग्रह-विदेवरून (डेटावरून) काढायचे आहे. नासाच्या टेरा उपग्रहावरील 'मिसर' या उपकरणाचे नऊ कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून पाहत असल्याने उंची भूमितीने मिळते. परंतु त्याला एका फेरीत दिसणारा पट्टा जेमतेम ३८० किलोमीटर रुंद असल्याने हवे ते दिवस हुकले. सेंटिनेल-५पी उपग्रहावरील 'ट्रोपोमी' हे उपकरण हवेतील ऑक्सिजन किती प्रकाश शोषतो यावरून उंची काढते; ते धुराचा थर घाटमाथ्याच्याही खाली दाखवते (दोन्ही उंच्या समुद्रसपाटीपासूनच धरल्या आहेत), उलट उपग्रहचित्रांत धूर घाट ओलांडताना स्पष्ट दिसतो. हिरवी झाडी ऑक्सिजनच्या शोषणपट्ट्याजवळ (तो ज्या तरंगलांबींचा प्रकाश शोषतो त्यांच्याजवळ) भरपूर प्रकाश परावर्तित करते, म्हणून ही उंची जमिनीकडे ओढली जात असावी. प्रत्यक्ष फुग्याची निरीक्षणे माझ्याकडे नाहीत. अशा लहान, विरळ धुरासाठी ही घट दुरुस्त करण्याची विश्वासार्ह रीत आहे का, की सेंटिनेल-२ उपग्रहाच्या वर्णपट्ट्यांमधील दृष्टिभेदावरून (वेगवेगळ्या रंगांच्या प्रतिमा किंचित वेगळ्या कोनांतून टिपल्याने धूर सरकलेला दिसतो, त्यावरून) उंची काढणे अधिक योग्य ठरेल?