सेमिनारसाठी पोषणशास्त्रातला संशोधक हवाय, कमला सोहोनी सोडून

पाणीवेसची_पोरगी:
एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री, पहिलं वर्ष, सोलापूर. ‘एका शास्त्रज्ञाची कारकीर्द’ असा सेमिनार आहे, विषय पोषण किंवा चयापचय. कमला सोहोनी आधीच तिघींनी घेतल्यात, मॅडम म्हणाल्या आता चौथी नको. भारतातलंच कुणीतरी हवं. पुरस्कारांची यादी वाचून उपयोग नाही, एक तरी प्रयोग फळ्यावर समजावता आला पाहिजे. कोण घेऊ?

दुपारची_शिफ्ट:
अमेरिकन बायोकेमिस्ट एल्व्हेजेम घ्या. १९३७ साली निकोटिनिक ॲसिडनं, म्हणजे नायसिननं, कुत्र्यांचा ‘काळी जीभ’ हा रोग बरा होतो हे दाखवलं. मटेरियल भरपूर मिळतं.

रिटायर_लॅबवाला:
ती भारतातला मागतेय की ओ!

बाळ, तू कोलुथुर गोपालन घे. जन्म १९१८, तमिळनाडूतल्या सेलमचे. शंभरी गाठून २०१९ साली गेले. शिक्षणानं डॉक्टर, पण आयुष्य गेलं पोषणाच्या प्रयोगशाळेत. ती प्रयोगशाळा आधी तमिळनाडूतल्या कुन्नूरला होती, १९५८ साली हैदराबादला आली. आज आपण जिला एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणतो ती हीच. पुढं ते आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, महासंचालकही झाले, पण त्याला एक ओळ पुरे.

सोलापुरात बसून हा माणूस घ्यायचा तो ज्वारीसाठी. पेलाग्रा हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग: मानेवर, हातांवर, जिथं ऊन लागतं तिथली कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. पुस्तकात हा मका खाणाऱ्यांचा रोग, कारण मक्यात ट्रिप्टोफॅन (ज्यापासून शरीर नायसिनचं काम भागवतं ते अमिनो आम्ल) कमी आणि नायसिन शरीराला न मिळेल असं बांधलेलं. पण हैदराबादकडं पेलाग्राचे जे पेशंट यायचे ते ज्वारीवर जगणारे गरीब लोक. ज्वारीत ट्रिप्टोफॅन काही तितकं कमी नाही, आणि नायसिन पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्तच. मग रोग कशानं?

गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बोट ठेवलं ते ल्यूसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात ल्यूसिन साधारण १३ ग्रॅम, तांदळाच्या ८ च्या आसपास. म्हणजे कमी पडण्याचा रोग एखादी गोष्ट जास्त झाल्यानं होतो, असं त्यांचं म्हणणं. फळ्यावर हेच मांड: ट्रिप्टोफॅन, मग मधल्या पायऱ्या, क्विनोलिनिक ॲसिड, शेवटी एनएडी, म्हणजे नायसिनपासूनही बनणारा, पेशींना लागणारा पदार्थ. माणसांना तोंडावाटे ल्यूसिन दिल्यावर लघवीतलं क्विनोलिनिक ॲसिड वाढलं. माल कारखान्यात न पोचता वाटेतच उतरला. ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभही काळी पडली, आणि काळी जीभ हा कुत्र्यांतला पेलाग्राच, म्हणजे वर भाऊंनी सांगितलेले एल्व्हेजेमही तुझ्या सेमिनारात आलेच.

माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबात गेली, म्हणून सांगतो. चोवीस तासांची लघवी गोळा करणं हे कागदावर एका ओळीचं काम. प्रत्यक्षात पेशंट पहाटेची बाटली विसरतो आणि दिवसभराचं मोजमाप पाण्यात जातं. असे आकडे वाचताना मी आधी ते गोळा करणाऱ्या वॉर्डबॉयला नमस्कार करतो.

हुरडा_पार्टी:
काका, म्हणजे आता भाकरी बंद? आमच्या घरी मंगळवेढ्याची मालदांडी पोत्यानं येते.

रिटायर_लॅबवाला:
खा की बिनधास्त. पेलाग्रा व्हायचा तो ताटात ज्वारीशिवाय दुसरं काहीच नसलेल्यांना. १०० ग्रॅम शेंगदाण्यात १२ मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असतं. कडक भाकरीवर शेंगा चटणी घेणाऱ्यानं ल्यूसिनला कशाला भ्यायचं? वर डाळीची आमटी आणि दही असलं की झालंच. ल्यूसिनचं प्रमाण ज्वारीच्या वाणागणिक बदलतं, तेही लक्षात ठेवा.

पाणीवेसची_पोरगी:
काका, भारी आहे हे! पण मी शोधलं तर दुसऱ्या प्रयोगशाळांना प्राण्यांवर असा परिणाम मिळालाच नाही, असंही दिसतंय. मॅडमनी तेच धरलं तर?

रिटायर_लॅबवाला:
धरू दे. तूच आधी सांगून टाक, लपवू नको. सगळ्यांना तो निकाल मिळाला नाही, वाद राहिला, हैदराबादच्याच लोकांनी पुढं बी-६ जीवनसत्त्वाचा धागा त्यात जोडला. ल्यूसिन एकटं दोषी की एकूण आहारच तोकडा, यावर दोन स्लाइड सहज होतील.

आणि गोपालन स्वतःच वाद घालणारा माणूस होता. जग मुलांच्या कुपोषणाला ‘प्रथिनांची कमतरता’ म्हणत होतं, तेव्हा ते म्हणत होते की पोरांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही, प्रथिनांची पावडर काय करणार? मुलांना जीवनसत्त्व अ चा मोठा डोस सहा महिन्यांनी द्यायचा कार्यक्रम त्यांच्याच संस्थेच्या कामातून १९७० साली सुरू झाला, आणि म्हातारपणी तो सरसकट चालू ठेवायला विरोध करणाऱ्यांत तेच पुढं होते. भाजीपाला खाऊ घाला म्हणायचे. हे सांगितलंस तर पुरस्कारांची स्लाइड लागायची नाही.

दुपारची_शिफ्ट:
माझा एल्व्हेजेम गेला म्हणायचा.

पाणीवेसची_पोरगी:
नाही हो दादा, काळ्या जिभेला तुमचंच नाव घेते. काका, क्विनोलिनिकच्या अलीकडची पायरी फळ्यावर लिहू का नुसता बाण दाखवू?

रिटायर_लॅबवाला:
किन्युरेनिन तेवढं लिही, बाकी बाण. जास्त लिहिलंस की मॅडम एन्झाइमची नावं विचारतात.