वर्म गिअरबॉक्ससाठी तेल निवडताना ग्रेडशिवाय काय पाहावे?

प्रश्न :
आमच्या साखर कारखान्यातील बगॅस कॅरियरच्या (उसाचे चिपाड वाहून नेणाऱ्या यंत्रणेच्या) वर्म गिअरबॉक्समधून, म्हणजे मळसूत्रासारखा दांडा (वर्म) दात्यांचे चाक फिरवतो त्या गिअरबॉक्समधून, हंगाम संपल्यावर तेल काढले, तेव्हा तळाशी तांबूस, चकाकणारी भुकटी आढळली आणि ब्राँझच्या चाकाचे दात काळपट पडलेले दिसले. नेमप्लेटवर आयएसओ व्हीजी ४६० लिहिले आहे आणि आम्ही ४६०चेच ईपी (जास्त दाब सहन करण्यासाठी रसायने घातलेले) तेल भरले होते. मग चुकले कुठे?

उत्तर १ :
४६० हा आकडा तेलाचा घट्टपणा तेवढा सांगतो, तोही ४० अंश सेल्सिअसचा. त्यात दहा टक्के कमीजास्त चालते, म्हणजे ४१४ ते ५०६ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक). साध्या खनिज तेलाचा हाच घट्टपणा १०० अंशांना सुमारे ३० वर येतो. वर्मचे दात चाकाच्या दातांवर घासत सरकतात, त्यामुळे हा गिअरबॉक्स इतरांपेक्षा जास्त तापतो. मात्र दात काळे पडले आहेत, म्हणून माझा पहिला संशय ईपी तेलातील गंधकावर आहे. पोलादाला वाचवणारे हेच गंधक सक्रिय प्रकारचे असेल, तर तापल्यावर ब्राँझ खाते. तेलाच्या माहितीपत्रकात तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा (गरम तेलात पट्टी ठेवून तिचा रंग पाहतात) निकाल शोधा : १ने सुरू होणारा निकाल चांगला, ४ने सुरू होणारा म्हणजे पट्टी काळी पडली. चाचणी किती तापमानाला घेतली, हेही वाचा.

उत्तर २ :
वरील मत पटते, पण तेलाला दोष देण्याआधी दातांवरील संपर्काची खूण पाहावी. झीज दाताच्या एकाच टोकाला असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली असण्याची शक्यता अधिक. शिवाय कारखान्यात वाफ आणि धुण्याचे पाणी सर्वत्र असते, तेव्हा तेल पाणी लवकर सोडते की नाही, हा गुण मी घट्टपणाच्या खालोखाल मानतो. काढलेले तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळीही दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळून राहिले आहे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पुरवठादार आता पॉलिग्लायकोल (एक प्रकारचे कृत्रिम) तेल सुचवत आहे. ते भरावे का?

उत्तर १ :
वर्मसाठी ते उत्तम, कारण घर्षण कमी होते. पण खनिज तेलात ते मिसळत नाही. जुने तेल तळाशी राहिले तर गाळ धरतो. गिअरबॉक्स पूर्ण धुऊन घ्या आणि सील व आतील रंग त्या तेलात टिकतो का, हे उत्पादकाकडून लेखी मागवा.